सात फुटी पलंग

१४ एप्रिल, सोमवार

पोरी आल्या. सकाळपासून जिना दणदणतोय. हिवाळाभर या घरात माझ्या सपातांखेरीज आवाज नव्हता. आता दारात बुटांची रांग लागलीय, एकेक बूट पावाच्या लादीएवढा. रूफस असता तर म्हणाला असता, "व्हर्लीन, नावा आल्या बंदरात." त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, पण पोरी आल्या की त्याचे विनोद मला ऐकू येतात.

डेझ्रे प्रुइट, आमच्या बास्केटबॉल क्लबची कप्तान. माझ्याकडचा तिचा हा नववा उन्हाळा. तेहतीस वर्षांची झाली, जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरतो, पण मैदानावर अजून कुणाला पुढे जाऊ देत नाही. हिवाळ्यात तुर्कस्तानात जाऊन खेळते, कारण तिथला एक हिवाळा इथल्या दोन उन्हाळ्यांपेक्षा जास्त देतो. लेक ओपल सात वर्षांची, मेम्फिसला आजीपाशी. लेकीचे पहिले दात पडले ते हिने फोनवर पाहिले. दुसरी ब्रॉन्टे, ऑस्ट्रेलियाची, सहा फूट चार इंच, तोंडाने फटकळ. पावाला ते काळं खारट काहीतरी फासून खाते आणि माझ्या पीच पायला नावं ठेवते, तरी तीन तुकडे खाते. तिसरी कॉर्डी, आयोवातल्या मकेवाल्या शेतकऱ्याची मुलगी, बावीस वर्षांची, यंदाच लीगमध्ये आलेली. मला "मॅडम" म्हणते.

कॉर्डीला खोली दाखवली तर ती पलंगाकडे बघतच राहिली. मग आडवी झाली, पाय ताणले, आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मॅडम, आठवीपासून माझे पाय पलंगाबाहेर आहेत."

हे सात फुटी पलंग क्लबने एकोणीस वर्षांपूर्वी मुद्दाम बनवून घेतले, मी पहिल्यांदा पोरी ठेवल्या तेव्हा. राहायची सोय क्लबची, तसं कलमच आहे खेळाडूंच्या करारात. मला एका पोरीमागे महिन्याला साडेचारशे डॉलर मिळतात, खाणं-धुणं धरून. एकोणीस वर्षांत मी एक सेंट वाढवून मागितलेला नाही. डेनिस गॅरिटी, तो क्लबचा सगळा कारभार बघतो, तो चारचौघांत सांगतो, "मिस व्हर्लीनसारखं माणूस शोधून सापडायचं नाही." खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटतं.

१९ एप्रिल, शनिवार

लोरेटा जेवायला आली होती. रूफसची बहीण ती, मागच्याच गल्लीत राहते. तळलेला मासा संपेपर्यंत गप्प बसली, मग सुरू झाली.

"पेपरात वाचलं. तुम्हाला म्हणे पगार तिप्पट हवाय. चेंडू टोपलीत टाकायचे एवढे पैसे?"

"टोपलीत टाकायचे नाही, मिस लोरेटा," ब्रॉन्टे म्हणाली, "दुसऱ्याला टाकू न द्यायचे. ते जास्त अवघड आहे."

"अठ्ठावीस वर्षं मी इस्पितळात चादरी बदलल्या. मला कुणी तिप्पट दिले?"

डेझ्रेने काटा खाली ठेवला. "तुम्ही मागितले होते का?"

"मागितले असते तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं!"

"आम्हालाही हेच सांगतात," डेझ्रे म्हणाली. एकदम शांतपणे. लोरेटाने मग कोबी वाढून घेतला.

डेझ्रे आमच्या क्लबतर्फे खेळाडूंच्या संघटनेवर आहे, म्हणून मला सगळं समजावून सांगते. लीगने टीव्हीवाल्यांशी नवा सौदा केला. तिकिटं दुप्पट महागली तरी स्टेडियम भरतं. पण पगाराचा आकडा जुन्या करारात बांधलेला, दरवर्षी उंदराच्या पावलांनी सरकतो. पोरी म्हणतात, आम्हाला ठरावीक आकडा नको, वाटा द्या. गल्ला वाढला की पगार वाढला पाहिजे. पुरुषांच्या लीगमध्ये बाकावर बसून टॉवेल हलवणारा गडी आमच्या अख्ख्या संघाहून जास्त घरी नेतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, नेऊ दे बापड्याला. पण मग आमच्यांनी मागितलं की तो हावरेपणा कसा होतो?

जुना करार महिनाअखेरीस संपतो. नवा झाला नाही तर मोसम नाही. आणि यंदाचा मोसम गेला तर डेझ्रेला पुढचा नाही. गुडघा कुणाच्या करारासाठी थांबत नसतो. हे ती बोलत नाही. मी मात्र तिला जिना चढताना ऐकते.

२८ एप्रिल, सोमवार

मालकांनी करार संपायची वाटही न बघता टाळेबंदी जाहीर केली. सरावाचं मैदान बंद, डॉक्टर बंद, पगार बंद. दुपारी डेनिसचा फोन.

"मिस व्हर्लीन, शुक्रवारपर्यंत मुलींना खोल्या सोडायला सांगा."

मला वाटलं गंमत करतोय. "आणि जातील कुठे?"

"टाळेबंदी आहे. क्लबची कुठलीच सोय वापरता येत नाही. माझ्या हातात काही नाही, न्यूयॉर्कहून वकिलांचं पत्र आलंय."

"डेनिस, हे घर क्लबचं नाही. रूफसने आणि मी बावीस वर्षं हप्ते भरून घेतलंय."

"पण खोल्यांचे पैसे क्लब भरतो."

"मग भरू नकोस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं पेन्शन शाळेच्या स्वयंपाकघराचं, एकोणतीस वर्षं डाव हलवून मिळालेलं. त्यात माझं एकटीचं भागतं, चौघींचं नाही. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि परत घ्यावासा वाटलाही नाही.

२ मे, शुक्रवार

पलंग नेले!

मला वाटलं होतं डेनिस समजवायला येईल, तर तो ट्रक घेऊन आला. हातात यादी. तीन पलंग, तीन गाद्या, सरावाचे कपडे, अकरा चेंडू. क्लबची मालमत्ता म्हणे. कॉर्डीने स्वतः गादी खाली आणून दिली, शेतकऱ्याची पोर, कुणी जड उचललं की हिचे हात आपोआप पुढे होतात. ब्रॉन्टे तिच्यावर ओरडली, "अगं, शत्रूला मदत करतेस?"

मी दारात उभी राहिले. म्हटलं, "डेनिस, तू पाचवीत होतास तेव्हा तुझ्या ताटात मी दोनदा बटाटे वाढायचे. कारण तुझ्या घरी काय चाललं होतं ते मला माहीत होतं."

त्याचे कान लाल झाले. "मला आठवतं ते, मिस व्हर्लीन."

"आठवतं ना? मग घेऊन जा पलंग."

त्याने चेंडू मोजले. दहाच भरले.

"यादीत अकरा आहेत."

"परत मोज."

परत मोजले. दहा. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी सही करून गेला. अकरावा ओव्हनमध्ये होता, मक्याच्या पावाच्या ताटलीमागे. मी चर्चची बाई आहे, खोटं बोलत नाही. मी फक्त परत मोज म्हटलं.

३ मे, शनिवार

पोरी जमिनीवर गोधड्या टाकून झोपल्या. पहाटे कॉफी ठेवायला निघाले तर खोलीबाहेर बोळात आलेल्या ब्रॉन्टेच्या पायांना अडखळून पडता पडता वाचले. त्याचं हसू आलं. पण मग डेझ्रेला उठताना पाहिलं. आधी कुशीवर वळली, मग दोन्ही हात भिंतीला, मग बराच वेळ काहीच नाही. मला पाहिल्यावर म्हणाली, "काही नाही, जरा आळस." तेव्हा माझं ठरलं.

गॅरेजमध्ये रूफसच्या फळ्या आहेत. तो शाळेचा शिपाई, तीस वर्षं दर ऑगस्टला गुडघ्यांवर बसून जिमच्या फरशीला वॉर्निश लावायचा. ते जिम पाडलं तेव्हा प्रेक्षकांच्या बाकांच्या फळ्या कचऱ्यात चालल्या होत्या. त्याने एकेक करून घरी आणल्या. चांगलं मेपल लाकूड, त्यावर बसायच्या जागांचे आकडे अजून दिसतात. काय करणार होता कोण जाणे. तो गेल्यावर मी त्यांना कुणाला हात लावू दिला नाही. पाद्रीबाबांनी चर्चच्या मांडवासाठी मागितल्या, त्यांनाही नाही.

आज ब्रॉन्टेला म्हटलं, "तुझे वडील मेंढ्यांचे वाडे बांधतात म्हणतेस. तुला करवत येते का?"

"मला करवत येते, शिव्या येतात, दोन्ही लागतात."

पहिली फळी कापताना मी आत जाऊन उभी राहिले. करवतीचा आवाज आला तेव्हा मी नळ सोडला. मग वाटलं, रूफसने या फळ्या माणसं बसायला म्हणूनच वाचवल्या ना? आता झोपतील.

संध्याकाळपर्यंत तीन सांगाडे उभे. माप धरून नीट सात फूट. मोजायला डेझ्रेलाच आडवं केलं होतं. तिच्या उशाशी एकतीस, बत्तीस, तेहतीस असे आकडे आले. अंधार पडायच्या आत लोरेटा आली, बगलेत गोधड्या. प्रत्येकीला दोन-दोन फुटांची जोड दिलेली, रंग न जुळणारी.

"मला तुमचं पटलेलं नाही," ती म्हणाली. "पण पाय गारठतात."

९ मे, शुक्रवार

पैसे बंद झाल्यापासून घरात विकतचं मटण नाही, पण कुणाचं पोट रिकामं नाही. कॉर्डीच्या वडिलांनी आयोवाहून मक्याच्या पिठाचं पोतं आणि अर्धं डुक्कर पाठवलं. ब्रॉन्टे शेजाऱ्यांची कुंपणं दुरुस्त करते. दोन तासांत चार फूट बांधते आणि तीन मैल बोलते.

आज डेझ्रे भांडी पुसता पुसता मध्येच म्हणाली, "मिस व्हर्लीन, या खोल्या तुम्हाला दुसऱ्या कुणाला देता येतील का? कॉलेजच्या मुली वगैरे?"

"कशाला? तुम्ही आहात ना."

"असंच. कधी आम्ही नसलो तर."

"नसायला काय झालंय तुम्हाला?"

ती तीच बशी पुसत राहिली. गुणी पोर. सध्या मला भाडं मिळत नाही म्हणून जिवाला लावून घेतलंय तिने. मी सांगितलं, माझी काळजी करू नकोस, तुम्ही वर्षानुवर्षं येत राहणार आहात आणि माझ्या खोल्या तुमच्यासाठीच आहेत. ती "हो" म्हणाली आणि वर निघून गेली. बशी फुटेल इतकी कोरडी झाली होती.

१८ मे, रविवार

शुक्रवारचा पहिला सामना रद्द झाला. पोरी गॅरेजच्या टोपलीवर खेळल्या, ओव्हनमधल्या चेंडूने. अर्धी गल्ली खुर्च्या घेऊन बसली होती.

पण आज चर्चच्या जेवणात माझं तोंड बंद झालं, ते इथे लिहून ठेवते. हेझल पार्टलो, स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकणारी, माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "तुझ्या पोरींना तिप्पट हवे आहेत, व्हर्लीन. मला महिन्याचे आहेत तेवढे हवे होते. सामना नाही तर मला काम नाही. माझं टाळं कुणी लावलं?"

"मालकांनी लावलं," मी म्हणाले.

"मालक माझ्या चर्चमध्ये येत नाहीत. पोरी येतात."

आपण बरोबर आहोत म्हणून दुसऱ्याची चूल पेटत नसते. मी घरी आले, अर्ध्या डुकरातलं निम्मं शिजवलं आणि मोठं भांडं भरून तिच्याकडे नेलं. कॉर्डी उचलायला बरोबर. हेझलने भांडं घेतलं, आभार मानले नाहीत. मानू नयेतच. पण कॉर्डीला विचारलं, "तू किती वर्षं खेळलीस?" कॉर्डी म्हणाली, "अजून एकही सामना नाही, मॅडम." हेझल तिच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मग आपण दोघीही घरीच बसलोय, पोरी."

परतताना वाटलं, माघार घ्यावी असं पोरींना सांगावं का? घरापर्यंत तोच विचार. दारात आल्यावर ठरलं, नाही. माघार घेतली तर हेझलला काम परत मिळेल, पण पुढच्या वर्षी ती वाढवून मागायला गेली की तेच म्हणतील, बघ, त्यांनीही शेवटी मुकाट घेतलं.

२७ मे, मंगळवार

आज कळलं, आणि कान टवकारून नव्हे. कपडे वाळत घालत होते. वरची खिडकी उघडी, डेझ्रे संघटनेच्या लोकांशी फोनवर.

"घरांचं कलम सोडलं तर ते तिप्पटीला आणि वाट्याला तयार आहेत, बरोबर? ... हो, मला कळतं, आपल्यासाठी चांगलंच आहे. ... नाही, मी अजून तिला सांगितलेलं नाही."

घरांचं कलम म्हणजे मी. क्लबने राहायची सोय करायची, ते कलम. दोरीवरचा चिमटा हातातून खाली पडला, तो उचलायलाही मला जरा वेळ लागला. मग ती बशी आठवली.

रात्री जेवायला बसलो. घेवड्यात मीठ दोनदा पडलं. ब्रॉन्टे म्हणाली, "समुद्र छान झालाय."

"डेझ्रे," मी म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

तिला लगेच कळलं. "कोणत्या तोंडाने सांगणार? तुम्ही आमच्यासाठी क्लबशी भांडलात. रूफसच्या फळ्या कापू दिल्यात. आणि आम्ही तुमचंच कलम विकायला काढलंय. मी उद्या नाही म्हणून सांगते त्यांना."

"खबरदार."

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"क्लबचे पलंग एका सकाळी ट्रकमधून गेले. का? कारण ते क्लबचे होते. रूफसच्या फळ्यांचे नेले का कुणी? जो तुमचा पगारही देतो आणि अंथरूणही देतो, तो हवं तेव्हा दोन्ही ओढून घेतो. ते कलम सोडा. पैसे घ्या आणि आपापल्या अंथरुणाचे पैसे आपण भरा. मी काही क्लबच्या करारातली ओळ नाही. मी व्हर्लीन टब्स आहे."

बोलले जोरात. पण खरं लिहायचं तर मध्येच थांबून मी पाणी प्यायले.

कॉर्डीने हळूच विचारलं, "मॅडम, रागावणार नसाल तर... क्लब तुम्हाला देतो ते साडेचारशे कधी ठरले?"

"पहिल्या दिवशी. एकोणीस वर्षं झाली."

"तेव्हा अंडी काय भावाने होती?"

"ब्रॉन्टे एकटी रोज पाच खाते," डेझ्रे म्हणाली.

"अगं, माझी गोष्ट वेगळी आहे," मी म्हणाले. "मी तुमच्यावरच्या मायेने करते. वाढवून मागितले असते तर डेनिसने दुसरं घर बघितलं असतं."

डेझ्रे नुसती बघत होती, त्या दिवशी लोरेटाकडे बघितलं होतं तसं. मी उठून पीच पाय आणायला गेले. आत ओट्याला टेकून उभी राहिले. एकोणीस वर्षं. डेनिस मला शोधून सापडायची नाही म्हणायचा. एवढी स्वस्त कुठे सापडणार होते मी!

४ जून, बुधवार

झालं! करार झाला. सर्वांत कमी पगार तिप्पट, आणि टीव्हीच्या गल्ल्यात वाटा. घरांची सोय आता फक्त पहिल्या वर्षाच्या पोरींना. ब्रॉन्टेने मला उचलून स्वयंपाकघरात फिरवलं. एकाहत्तराव्या वर्षी माझे पाय जमिनीवरून सुटले. डेझ्रेने मेम्फिसला फोन लावला. "ओपल, हिवाळ्यात मी कुठे जाणार सांग? ... नाही. ... नाही, तुर्कस्तान नाही. ... घरीच." पुढचं तिला बोलता येईना, तर फोन माझ्या हातात दिला. त्या पोरीने मला विचारलं, "माझी आई रडतेय का?" मी म्हटलं, "हो बाळा, आणि फार छान रडतेय."

मोसम तीन आठवड्यांत सुरू. हेझलला निरोप पाठवला. तिने उलट निरोप पाठवला, भांडं घेऊन जा.

१० जून, मंगळवार

डेझ्रे आज गेली. नदीजवळ भाड्याने घर घेतलंय, दोन खोल्या, ओपल पुढच्या आठवड्यात येते. जिन्यावरून पलंग खाली उतरवला. एकतीस, बत्तीस, तेहतीस.

"हा मी नेऊ ना?" तिने विचारलं.

"तुझ्या मापाचा आहे, मी काय करू त्याचं?"

"ओपलला देणार आहे."

"सात वर्षांच्या पोरीला सात फुटी पलंग?"

"वाढेल ती," डेझ्रे म्हणाली.

दारात तिने मला मिठी मारली. मग कानाशी म्हणाली, "त्यांचा पहिला आकडा कधीच घेऊ नका, मिस व्हर्लीन. आणि पहिला आकडा तुम्ही सांगा." ब्रॉन्टे शनिवारी जाईल, दर गुरुवारी जेवायला येईल, असं मला दोनदा बजावलंय. डेझ्रे गेल्यावर तिची खोली झाडली. मधोमध चार पायांच्या खुणा होत्या. त्यांच्यावरून झाडू फिरवला नाही.

१२ जून, गुरुवार

दुपारी ट्रक आला. डेनिस स्वतः पुढे बसून. मागे सात फुटी पलंग, तिन्ही.

"आनंदाची बातमी, मिस व्हर्लीन! कॉर्डी तर आहेच, शिवाय दोन नव्या मुली येतायत सोमवारी. पहिल्या वर्षाच्या. सगळं पूर्वीसारखं. कुठे लावू पलंग?"

"ट्रकमध्येच बरे आहेत."

"म्हणजे?"

"आमच्याकडे दोन पलंग आहेत, तिसऱ्यापुरत्या फळ्याही आहेत. ज्याला वाटेल त्याने माझ्या घरातून फर्निचर न्यायचं हे परत होणे नाही. आणि पूर्वीसारखंही नाही. एका पोरीमागे अकराशे."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "तुम्ही? मिस व्हर्लीन, तुम्ही कधी..."

"नाही मागितले. माझी चूक होती. अंड्यांचा भाव बघितलास का?"

"मला वर विचारावं लागेल."

"विचार ना. मी बसलेय."

तो पायरीवर घुटमळला. "तुम्ही मला दोनदा बटाटे वाढायचात," तो म्हणाला, मला विरघळवायला.

"हो, आणि ते मुलासाठी होते, क्लबसाठी नव्हते. तुला भूक लागली असेल तर आजही ये आत, वाढते. क्लबला अकराशे पडतील."

तो खरोखर आत आला आणि जेवला. दोनदा घेतलं. जाताना पलंग घेऊन गेला.

संध्याकाळी फोनवर म्हणाला, "सहाशे. वरच्यांनी मोठ्या मनाने कबूल केलंय." माझी जीभ "बरं" म्हणायला उचललीच होती. एकोणीस वर्षांची सवय. कॉर्डी जिन्यावर बसून मान हलवत होती, इतकी जोरात की वेण्या कानांवर आपटत होत्या.

"अकराशे," मी म्हणाले. "आणि सोमवार जवळ आलाय, डेनिस."

१४ जून, शनिवार

ब्रॉन्टे गेली. घरात कॉर्डी आणि मी. काल दिवसभर फोन नाही. सकाळी लोरेटा येऊन बोलून गेली, "हातचं घालवशील, वेडे." मी म्हटलं, घालवेन. पण जाताना तिने थांबून विचारलं, "अकराशे म्हणालीस? डोळ्याला डोळा भिडवून?" मी हो म्हटलं. ती पायऱ्या उतरता उतरता एकटीच हसत होती.

भीती नाही असं नाही. दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि उद्या त्यांनी कुठलं हॉटेल बघितलं तर त्या रिकाम्याच राहतील. एकटीला किती मोठं घर आहे हे, ते हिवाळ्यात कळतं. तरी सहाशेला मी हो म्हणणार नाही. डेझ्रेने गुडघा पणाला लावला, माझं काय जातंय.

हे लिहितेय आणि फोन वाजतोय. क्लबचाच नंबर दिसतोय. कॉर्डी वरून ओरडतेय, "मॅडम, लगेच उचलू नका! पाच वेळा तरी वाजू द्या!"

वाजू दे. समोर भेंडी आहे, ती चिरून होऊ दे आधी.